व्हिडिओचं पाणी नेमकं कुठं मुरतं? अपलोड, प्लेबॅक आणि चित्राच्या दर्जाच्या अडचणी शोधण्याची रीत

आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय दरवर्षी मे महिन्यात व्याख्यानमाला भरवतं. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेने जात्यावरच्या ओव्यांवर सव्वा तास व्याख्यान दिलं. मधेमधे त्या ओव्या म्हणूनही दाखवत होत्या. एका कार्यकर्त्याने चांगल्या फोनवर ते रेकॉर्ड केलं, तुकडे करून चॅटवरून मला पाठवलं, मी ते जोडून अपलोड केलं. पाहतो तर बाईंच्या चेहऱ्याच्या जागी पिवळट डाग, मागच्या पडद्यावर चौकोनच चौकोन. दोन दिवस मी नेटला दोष देत पुन्हा पुन्हा अपलोड करत राहिलो. तिसऱ्या दिवशी मूळ फाइल मागितली, तर ‘फोन भरला होता’ म्हणून ती काढून टाकलेली. ते व्याख्यान आजही तसंच धूसर आहे.

त्यानंतर वाचनालयाच्या चॅनेलचं काम मी माझ्याकडे घेतलं. व्हिडिओ बिघडला की मी आता आधी एकच प्रश्न विचारतो: कुठं बिघडला? कॅमेऱ्यापासून पाहणाऱ्याच्या पडद्यापर्यंत व्हिडिओला सहा मुक्काम लागतात. रेकॉर्डिंग, फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, एडिटिंग, अपलोड, यूट्यूबने त्यावर केलेली प्रक्रिया आणि शेवटी पाहणाऱ्याचा फोन किंवा टीव्ही. पाणी कुठंतरी मुरतंय, एवढं कळून भागत नाही. कोणत्या मुक्कामावर मुरतंय हे कळल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. पुढचं सगळं यूट्यूब धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडे बहुतेक मंडळं, शाळा आणि कीर्तनाचे कार्यक्रम तिथंच चढतात.

आधी दहा मिनिटांची तपासणी

ज्या फोनवर किंवा कॅमेऱ्यावर रेकॉर्डिंग झालं, त्यातली मूळ फाइल केबलने लॅपटॉपवर घ्या आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये पूर्ण पडद्यावर पाहा. फोनच्या सहा इंची पडद्यावर सगळंच छान दिसतं, म्हणून मोठा पडदा हवा. इथंच चित्र खराब असेल तर दोष रेकॉर्डिंगचा. पुढच्या कुठल्याही टप्प्यावर तो दुरुस्त होणार नाही.

मूळ फाइल चांगली असेल तर आता प्रत्यक्षात जी फाइल अपलोड केली, ती त्याच लॅपटॉपवर पाहा. ही मूळ फाइलपेक्षा खराब दिसली तर गडबड वाहतुकीत किंवा एडिटिंगमध्ये झाली. दोन्ही सारख्या असतील तर यूट्यूबवरची लिंक उघडा, चाकाच्या खुणेवर जाऊन दर्जा हाताने १०८०पी (म्हणजे चित्रात १०८० आडव्या रेघा) करा आणि तोच प्रसंग पुन्हा पाहा. तिथं चांगलं दिसतं आणि पुण्यातल्या मावशींना धूसर दिसतं, असं असेल तर व्हिडिओला हात लावायचं कारण नाही. त्यांच्या फोनकडे वळा.

याच वेळी फाइलचं वजनही बघून घ्या. फाइल किती एमबीची आहे याला ती किती मिनिटांची आहे याने भागा. मिनिटाला ६० एमबी म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी). १०८०पी आणि सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच्या (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र) अपलोडसाठी यूट्यूब हाच आकडा सुचवतं. ७२०पीला ५ मेगाबिट, म्हणजे मिनिटाला साधारण ३७ एमबी. आमच्या त्या ओव्यांच्या फाइलला हा हिशोब लावला, तेव्हा मिनिटाला ४ एमबीसुद्धा भरले नाहीत. अपलोडच्या आधी हा भागाकार केला असता तर मूळ फाइल काढून टाकण्यापूर्वीच फोन केला असता.

रेकॉर्डिंग: सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं

सुरुवात कॅमेऱ्याची काच पुसण्यापासून करा. फोन दिवसभर खिशात आणि हातात असतो. बोटाचं तेल काचेवर बसलं की प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं आणि सगळं चित्र दुधाळ दिसतं. चष्मा पुसायचं मऊ कापड जवळ ठेवा. दुसरी गोष्ट झूमची. पडद्यावर दोन बोटं ताणून केलेलं झूम बहुतेक फोनमध्ये चित्र कापून मोठं करणारं असतं, म्हणून खुर्ची पुढं न्या. वक्त्यापासून आठ-दहा फुटांवर स्टँडवर ठेवलेला साधा फोन, मागच्या रांगेतून झूम केलेल्या महागड्या फोनपेक्षा चांगलं काम करतो.

आता अंधाराचं बघू, कारण चित्र ‘फुटतं’ ते बहुतेक वेळा त्याच्यामुळे. व्हिडिओ लहान करण्याची सगळी पद्धत एका युक्तीवर उभी आहे: प्रत्येक चित्र पूर्ण साठवायचं नाही, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच साठवायचं. वक्ता उभा आहे, मागचा पडदा स्थिर आहे, तर पडद्याची माहिती पुन्हा पुन्हा लिहावी लागत नाही. पण उजेड कमी असला की कॅमेरा सिग्नल वाढवतो आणि चित्रभर बारीक रवा येतो. हा रवा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो. त्यामुळे स्थिर पडदासुद्धा सतत बदलतोय असं यंत्राला वाटतं, ठरलेले सगळे बिट तो रवा लिहिण्यात खर्च होतात आणि चेहऱ्यासाठी काही उरत नाही. पालखीत उधळलेला गुलाल, पाऊस, वाऱ्याने हलणारी पिंपळाची पानं यांनाही हेच लागू आहे. मिरवणुकीचा व्हिडिओ तुमच्या फोनवर झकास दिसतो आणि अपलोड झाल्यावर गुलालाच्या क्षणीच त्याचे चौकोन होतात, ते यामुळे.

उपाय साधे आहेत. वक्त्याच्या चेहऱ्यावर समोरून, थोडा एका बाजूने एक जादा दिवा लावा. मागे चमचमणारी झिरमिळी किंवा बारीक नक्षीचा पडदा नको. साधा, एका रंगाचा बरा. फोन हातात धरू नका, कारण हात हलला की पूर्ण चित्र बदलतं.

सभागृहात रेकॉर्ड करताना चित्रावर वर-खाली सरकणारे काळसर पट्टे दिसतात का? तो दिव्यांचा दोष आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही. पण कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम घेतो, तेव्हा शटरचा वेग (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा तो) त्या लयीशी जुळला नाही की पट्टे उमटतात. फोनमध्ये प्रो किंवा मॅन्युअल व्हिडिओ असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा आणि जमल्यास सेकंदाला २५ फ्रेम निवडा. काही अँड्रॉइड फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फ्लिकर रोखण्याचा पर्याय असतो. तिथं ५० हर्ट्झ हवं. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘पाल’ फॉरमॅट दाखवण्याचं बटण चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय दिसू लागतो. मंद केलेल्या सजावटीच्या एलईडी माळांची लय निराळीच असते. त्या कशालाच दाद देत नाहीत, म्हणून वक्त्याच्या मागून काढायला सांगा. मंडपवाल्याला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सांगितलं तर तो ऐकतो. ऐन वेळी कोणी ऐकत नाही.

एक अडचण नव्या फोनमुळे आली आहे. आयफोन १२ पासून पुढचे आणि इतर बरेच महागडे फोन एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणाऱ्या पद्धतीत) रेकॉर्ड करतात. त्याच फोनवर ते झगझगीत दिसतं, पण साध्या एडिटिंग अॅपमधून किंवा जुन्या टीव्हीवर गेलं की रंग उडालेले, चेहरा फिका नाहीतर भगभगीत. व्याख्यान, कीर्तन, शाळेचं स्नेहसंमेलन यांना एचडीआरची गरज नसते. कॅमेरा सेटिंगमध्ये ते बंद ठेवा.

लांब कार्यक्रम असेल तर कार्डाचाही विचार करा. ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा अर्ध्या तासाच्या आसपास फाइल तोडून दुसरी सुरू करतो. ते तुकडे नावाच्या क्रमाने जोडा. काही गहाळ झालेलं नसतं. फोन मात्र एअरप्लेन मोडवर टाकूनच रेकॉर्डिंग सुरू करा, नाहीतर मधेच कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं.

फाइल हातातून हातात

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो. एचडीचा पर्याय निवडला तरी दाबला जातोच, फक्त कमी. फाइल जशीच्या तशी पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी लागते आणि तिथं २ जीबीची मर्यादा आहे. सव्वा तासाचं चांगलं रेकॉर्डिंग त्यात मावत नाही.

म्हणून केबल, पेनड्राइव्ह, किंवा शेजारी बसून दोन अँड्रॉइड फोनमध्ये क्विक शेअर. लांबून पाठवायचं असेल तर गूगल ड्राइव्हची लिंक चालते, पण फुकटच्या खात्यात १५ जीबी जागा असते आणि ती जीमेल व फोटोंबरोबर वाटून घेतलेली असते. ड्राइव्हमध्ये थेट प्ले करून दर्जा ठरवू नका. तिथं जे चालतं ती ड्राइव्हने पाहण्यापुरती बनवलेली प्रत असते. मूळ फाइल डाउनलोड करूनच बघा. फोटोंच्या अॅपमधून फाइल घेत असाल तर तिथं ‘स्टोरेज सेव्हर’ चालू नाही ना, हे पाहा.

पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेताना ‘फाइल खूप मोठी आहे’ असा निरोप आला आणि जागा तर भरपूर दिसतेय, तर तो मघाचाच ‘फॅट ३२’चा प्रकार. त्यातली माहिती दुसरीकडे घेऊन पेनड्राइव्ह ‘एक्स-फॅट’मध्ये फॉरमॅट करा.

एडिटिंग आणि एक्सपोर्ट

झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरं कशी पुसट होत जातात, तसं इथं होतं. फोनवरच्या अॅपमध्ये कापलं, दुसऱ्या अॅपमध्ये नाव टाकलं, तिसऱ्यात संगीत घातलं, तर तीन वेळा फाइल नव्याने दाबली गेली. सगळं काम एकाच अॅपमध्ये करा आणि एकदाच एक्सपोर्ट करा. फक्त पुढचा-मागचा भाग कापायचा असेल तर न दाबता कापणारं साधन वापरा. लॉसलेसकट हे त्यासाठी फुकट मिळतं. तुकडे जोडायलाही तेच कामाला येतं.

एक्सपोर्टचं माझं ठरलेलं प्रमाण असं: एमपी४ फाइल, एच.२६४ कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत), मूळ रेकॉर्डिंगची जेवढी फ्रेमगती तेवढीच, आवाज एएसी आणि ४८ किलोहर्ट्झ. १०८०पीला निदान ८ मेगाबिट. सेकंदाला ५०-६० फ्रेम असतील तर १२. मिरवणूक, लेझीम किंवा ढोलपथक असेल तर मी १६ ते २० पर्यंत जातो, कारण यूट्यूब ती फाइल पुन्हा दाबणारच असतं आणि त्याच्या हाती जेवढं चांगलं द्यावं तेवढं बरं. २५ फ्रेमचं रेकॉर्डिंग ३० वर एक्सपोर्ट करू नका; चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा दिसतो.

सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण तासाभराने आवाज पुढं पळतो किंवा मागे राहतो, ही लांब व्याख्यानांची नेहमीची तक्रार. फोन उजेडाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे फ्रेमगती थोडी कमी-जास्त करत असतात, आणि काही एडिटिंग प्रोग्राम ती एकसारखी धरून चालतात. फाइल मीडियाइन्फो या छोट्या प्रोग्रामात उघडा. फ्रेमगती ‘व्हेरिएबल’ दिसली तर एडिटिंगच्या आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्राममधून नवी फाइल काढून घ्या: व्हिडिओच्या पानावर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा आणि दर्जाचा आकडा १८ ते २० च्या मध्ये ठेवा. तिथं आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. ही एक जादा झेरॉक्स होते खरी, पण दर्जा वर ठेवला तर डोळ्यांना कळत नाही आणि आवाज शेवटपर्यंत जुळतो.

एक युक्ती मी मनापासून सांगेन. लहान चॅनेलच्या १०८०पी व्हिडिओला यूट्यूब पुष्कळदा जुन्या एच.२६४ कोडेकमध्येच ठेवतं. तोच व्हिडिओ १४४०पीवर मोठा करून एक्सपोर्ट केला तर त्याला सहसा व्हीपी९ कोडेक मिळतो आणि बिटही जास्त मिळतात. मूळ रेकॉर्डिंगमध्ये नसलेले बारकावे यातून येत नाहीत, पण चौकोन कमी होतात. आमच्या मंद उजेडातल्या व्याख्यानांना याचा स्पष्ट फायदा झाला. अपलोड मात्र मोठं होतं. १४४०पीसाठी १६ मेगाबिट धरावे लागतात.

अपलोड अडकतं तेव्हा

‘आमच्याकडे चांगलं नेट आहे’ असं लोक म्हणतात तेव्हा ते डाउनलोडबद्दल बोलत असतात. मोबाइल नेटवर्कवर अपलोडचा वेग सहसा त्याच्या बराच खाली असतो. वेग मोजणाऱ्या कुठल्याही साइटवर दुसरा आकडा बघा आणि हिशोब मांडा. सव्वा तासाचं व्याख्यान ८ मेगाबिटने म्हणजे ७५ गुणिले ६० गुणिले ८, एकूण ३६,००० मेगाबिट, साधारण साडेचार जीबी. अपलोडचा वेग ५ मेगाबिट असेल तर दोन तास. १ मेगाबिट असेल तर दहा तास. २० असेल तर अर्धा तास. हा आकडा समोर असला की ‘अडकलंय’ आणि ‘चाललंय, पण वेळ लागतोय’ यातला फरक कळतो. अर्ध्यावर रद्द केलेली पुष्कळशी अपलोड खरं तर चालू असतात.

वेग मोजताना मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत करू नका. नेटचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचं वजन बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट.

अपलोड सुरूच होत नसेल तर आधी खात्याकडे बघा. फोन नंबरने पडताळणी न केलेल्या खात्यावरून १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही. पडताळणी केली की मर्यादा १२ तास किंवा २५६ जीबी, यातलं जे कमी असेल ते. नवं मंडळ नवं खातं उघडतं आणि पहिल्याच कार्यक्रमाला इथं ठेचकाळतं.

फोनवरून टाकत असाल तर दोन गोष्टी आड येतात. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चाललेली अॅप बंद करतो, म्हणून चार्जर लावा, बॅटरी सेव्हर बंद करा आणि अॅप समोर ठेवा. दुसरं, अॅपच्या अपलोड सेटिंगमध्ये ‘फक्त वाय-फायवर’ असं निवडलेलं असेल तर मोबाइल डेटावर अपलोड रांगेत बसून राहतं. तिथंच अपलोडचा दर्जा कमी ठेवलेला नाही ना, तेही पाहा. मोठ्या फाइलसाठी मी नेहमी लॅपटॉप वापरतो: झोपायला जाण्याचं सेटिंग बंद, व्हीपीएन बंद, राऊटरला जमल्यास केबल, वेळ रात्री अकरानंतरची. वीज गेली किंवा ब्राउझर बंद झाला तरी घाबरू नका. २४ तासांच्या आत तीच फाइल पुन्हा निवडली तर यूट्यूब उरलेल्या भागापासून पुढं चालू करतं. त्यासाठी फाइल तीच हवी. मधल्या वेळात पुन्हा एक्सपोर्ट केली तर सुरुवात शून्यापासून.

अपलोड शंभर टक्के होतं, पण प्रक्रिया शून्यावरच थांबते किंवा सोडून दिली जाते, असं झालं तर बहुतेक फाइल अर्धवट असते. एक्सपोर्ट पूर्ण होण्याआधी कॉपी केलेली, किंवा बॅटरी संपल्यामुळे शेवट न लिहिला गेलेली. व्हीएलसीमध्ये शेवटच्या मिनिटावर उडी मारून बघा. तिथं पोहोचता येत नसेल तर फाइल पुन्हा काढा. फाइल ठीक चालत असेल आणि तरी अडत असेल, तर हँडब्रेकमधून ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ची खूण करून नवी प्रत काढा आणि ती टाका.

अपलोड झाल्यावर लगेच लिंक पाठवू नका

हे मी सगळ्या मंडळांना हात जोडून सांगतो. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, म्हणजे व्हिडिओ लवकर दिसू लागतो. एचडी आणि ४के नंतर तयार होतात. लांब व्हिडिओला काही तास लागू शकतात. आपण उत्साहाने लगेच ग्रुपवर लिंक टाकतो, पहिले शंभर जण ३६०पीमध्ये पाहतात, ‘क्वालिटी नाही’ म्हणतात आणि परत येत नाहीत. रात्री ‘प्रायव्हेट’ ठेवून अपलोड करा. सकाळी चाकाच्या खुणेत वरचा दर्जा दिसतो का ते पाहा, सुरुवात-मध्य-शेवट तपासा, मगच सार्वजनिक करा. चोवीस तास उलटूनही वरचा दर्जा आला नाही तर फाइलचं मूळ रिझोल्युशन तपासा. ती ७२०पीची असेल तर १०८०पी कधीच येणार नाही.

याच वेळी यूट्यूब स्टुडिओमध्ये (चॅनेल सांभाळायच्या पानावर) कॉपीराइटचा निरोप आहे का बघा. सुरुवातीला घातलेलं सिनेमातलं गाणं किंवा कॅसेट कंपनीचं भक्तिगीत ओळखलं गेलं, तर हक्कधारक व्हिडिओ काही देशांत किंवा सगळीकडे अडवू शकतो. गावात सगळ्यांना दिसतो, पण दुबईतल्या भावाला ‘उपलब्ध नाही’ असं दिसतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. गाणं असलेला तुकडा स्टुडिओच्या एडिटरमध्येच कापता किंवा मुका करता येतो.

पाहणाऱ्याच्या बाजूने

‘व्हिडिओ अडकतोय’ अशी तक्रार आली की तीन अदलाबदली करून बघायला सांगा. त्याच फोनवर, त्याच नेटवर दुसरा कुठलाही व्हिडिओ. मग त्याच नेटवर दुसरा फोन. मग त्याच फोनवर दुसरं नेट. तिन्ही उत्तरं मिळाली की दोष व्हिडिओचा, फोनचा की नेटचा हे आपोआप कळतं.

फक्त धूसर दिसत असेल तर बहुतेक वेळा दर्जा ‘ऑटो’ किंवा ‘डेटा सेव्हर’वर असतो. यूट्यूबमध्ये मोबाइल डेटासाठी आणि वाय-फायसाठी दर्जाची पसंती वेगवेगळी ठरवता येते; पुष्कळांना हे माहीत नसतं. नेमकं काय चाललंय हे पाहायला संगणकावर व्हिडिओवर राइट-क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. बफर हेल्थचा (पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच उतरला आहे त्याचा) आकडा सारखा शून्याकडे घसरत असेल तर नेट अपुरं आहे. बफर भरपूर आहे, पण ‘ड्रॉप’ झालेल्या फ्रेम वाढत चालल्या आहेत, तर नेट ठीक आहे आणि यंत्र दमलंय. जुन्या लॅपटॉपना व्हीपी९ किंवा एव्ही१ कोडेक उलगडताना असं होतं. दर्जा एक पायरी खाली आणा आणि बाकीच्या टॅब बंद करा.

चित्र हिरवं पडलं किंवा आवाज येतो पण पडदा काळा, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर अॅक्सिलरेशन’ बंद करून ब्राउझर पुन्हा उघडा. काहीच चालत नसेल आणि सगळ्या साइट सुरक्षिततेची तक्रार करत असतील तर घड्याळ पाहा. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणी होत नाही. बराच काळ बंद असलेल्या टीव्ही बॉक्समध्ये हे हमखास सापडतं. टीव्ही अडखळत असेल तर तो रिमोटने बंद करणं पुरत नाही. प्लग काढून मिनिटभराने लावा, अॅप अपडेट करा. राऊटर दुसऱ्या खोलीत असेल तर वाय-फायच्या दोन पट्ट्यांचा फरक ध्यानात घ्या: ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंतीला बिचकणारी, २.४ ची लांब जाणारी, पण शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडणारी. दगडी भिंतींच्या वाड्यात टीव्हीपर्यंत सरळ केबल ओढणं स्वस्त पडतं.

फोन नवा, नेट उत्तम, यूट्यूब स्वच्छ, आणि पैसे भरून घेतलेल्या ओटीटीवर मात्र चित्र कायम मध्यम, असं असेल तर फोनची ‘वाइडव्हाइन’ (व्हिडिओची चोरी रोखणारी कुलूप-व्यवस्था) पातळी तपासा. ती एल३ असेल तर ओटीटी सेवा सहसा एचडी देत नाहीत, एल१ लागते. सेटिंग बदलून ती मिळत नाही, त्यामुळे फोन घेण्यापूर्वीच विचारा.

जुन्या कॅसेट

पुष्कळ वाचनालयांत आणि घरांत व्हीएचएस आणि मिनी-डीव्ही कॅसेट पडून आहेत. त्या संगणकावर घेताना दुकानदाराला डीव्हीडी करून मागू नका, मोठी मूळ फाइल मागा. मिनी-डीव्हीची तासाची फाइल साधारण १३ जीबी होते. हार्ड डिस्क घेऊनच जा. या चित्रात प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन भागांनी बनलेली असते. म्हणून आजच्या पडद्यावर हलणारा हात फणीच्या दातांसारखा दिसतो. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये ‘डीइंटरलेस’ लावा. ‘बॉब’ निवडलं तर सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि हालचाल मुळासारखी गुळगुळीत राहते. ७२० बाय ५७६ चं हे चित्र ४:३ प्रमाणातच ठेवा. रुंद पडदा भरण्यासाठी ताणलं तर आजोबा ओळखू येत नाहीत. मग १४४० बाय १०८० पर्यंत मोठं करून अपलोड करा.

मूळ फाइल

अपलोड झालं की मूळ फाइल काढून टाकायची सवय मोडा. स्टुडिओमधून स्वतःचाच व्हिडिओ डाउनलोड केला तर तो फार तर ७२०पीचा मिळतो. आमच्या वाचनालयात आता दोन हार्ड डिस्क आहेत, एक कपाटात आणि एक कार्यवाहांच्या घरी. फाइलच्या नावात तारीख, वक्ता आणि विषय असतो. रेकॉर्डिंग करणारा कार्यकर्ता आणि ग्रंथपाल दोघांनी दोन्ही डिस्कवरून ती फाइल शेवटच्या मिनिटापर्यंत चालवून पाहिली आणि वहीत सह्या केल्या, की मगच फोनमधली फाइल काढायची.